पोरी घरी पोचवण्याचं काम

सर मागच्या वर्षी रिटायर झाले. गावात त्यांना सगळे सर म्हणतात, म्हणून मीही नवऱ्याला सरच म्हणते. कॉलेजने निरोपाचा कार्यक्रम ठेवला होता. पुष्कळ लोक बोलले. मग कोणीतरी माइक माझ्यासमोर आणून धरला आणि म्हणालं, "काकूंनी पण दोन शब्द बोलावेत." मी पदर तोंडाशी धरून मान हलवली. सगळे हसले आणि माइक पुढच्या खुर्चीकडे गेला. मला सुटल्यासारखं झालं.

चारचौघांत बोलणं मला जमलं नाही. लिहिणं थोडं जमतं. मी चौथीपर्यंत शिकले. पाचवीची शाळा नाल्यापलीकडच्या गावात होती आणि आमच्याकडून मुलींना तिकडे पाठवत नव्हते. पण अक्षर चांगलं राहिलं. आता दुपारी घरात निवांत असते. हे कोणाला दाखवायचं नाही, म्हणून हात मोकळा चालतो.

आता कॉलेजात धावणं शिकवायला एक तरुण मॅडम आल्या आहेत. स्वतः मोटरसायकल चालवतात. पोरींची टीम बाहेरगावी जाते, येते, मला कोणी बोलवायला येत नाही. खूप वर्षं मी पोरींच्या सोबत जात होते. ते कसं सुरू झालं आणि कसं हलकं झालं, तेवढंच लिहिते.

आमचं लग्न ठरलं तेव्हा माझ्या आईने विचारलं होतं, पोरगा काय करते? स्थळ आणणारा म्हणाला, कॉलेजात पोरांना धावणं शिकवते. आई म्हणाली, "धावणं शिकवा लागते काय बाप्पा? कुत्रं मागे लागलं की सगळेच धावतात." विहारात लग्न लागलं. सासरी आले तरी आईचा तो प्रश्न माझ्याही मनात होताच.

नंतर मैदान पाहिलं. काळ्या मातीचं, उन्हाळ्यात हात जाईल एवढ्या भेगा, पावसाळ्यात पाय उचलला तर किलोभर चिखल सोबत येतो. सर पहाटे उठून त्याच्यावर चुन्याची फक्की टाकून रेघा मारायचे. कॉलेजात ते खेळाचे सर होते, म्हणजे कबड्डी, व्हॉलीबॉल, क्रिकेट सगळंच पाहावं लागे. पण जीव धावण्यात. मी एकदा विचारलं, काहून? ते म्हणाले, "याला काही विकत आणावं लागत नाही." आमच्याकडची पोरं अनवाणी धावायची. त्यातही सरांना क्रॉसकंट्री फार आवडायची. म्हणजे मैदान सोडून पांदणीच्या गाडीवाटेतून, शेताच्या धुऱ्यावरून, नाला ओलांडून, टेकडीला वळसा घालून धावायची शर्यत. त्यात टीम असते. पहिल्या चार जणांचे नंबर मिळून टीमचा नंबर ठरतो. म्हणून एक जण कितीही वेगात धावला तरी बाकीचे तीन लागतातच.

मैदानावर सरांचा आवाज बाजारापर्यंत ऐकू जायचा. घरी मात्र पाणी मागायलाही ते आवाज काढत नसत.

पोरांची टीम लवकर झाली. पोरींची होईना. धावणाऱ्या पोरी होत्या. फाट्यावरून गावापर्यंत रोज चालत जाणाऱ्या, वेचणीच्या दिवसांत कापसाचं गाठोडं डोक्यावर घेऊन येणाऱ्या, दम भरपूर. सर घरोघरी गेले. घरचे लोक चहा पाजायचे, सरांना खुर्ची द्यायचे, आणि मग म्हणायचे, "सर, पोरगी कॉलेजात धावते, धावू द्या. पण परगावी मुक्कामाले कोणासोबत जाईन? तुम्ही तं बाप्यामाणूस होय." कॉलेजातल्या बाई प्राध्यापकांना सरांनी विचारलं. कोणी तयार होईना. परगावच्या वर्गखोलीत बाक सरकवून झोपायचं, दिवसभर उन्हात मैदानावर बसायचं, कोणाला आवडेल.

शेवटी एका घरी म्हातारे आजोबा म्हणाले, "सर, तुमच्या घरी बाईमाणूस हाय नं? तिले पाठवा सोबत. मंग आमची ना नाही."

त्या संध्याकाळी सर घरी येऊन बुटाच्या नाड्या सोडायला बसले. मग म्हणाले, "तू येशील का पोरींसोबत?"

मी म्हटलं, "मले लोकांत बोलता येत नाही."

"बोलायचं नाही. बसायचं."

बसणं मला येत होतं. मुलगा लहान होता, त्याला सासूबाईंपाशी ठेवून मी नेरला गेले. पहिली खेप. एसटीत मी पुढच्या बाकावर, पोरी मागे, सर दाराशी उभे. दिवसभर मी मैदानाच्या कडेला पोरींच्या चपला आणि ओढण्या सांभाळत बसले. छातीवर नंबराचे कागद लावायला टाचण्या माझ्याकडे. वेण्या घट्ट घालून देणं माझ्याकडे. एखादीची पाळी आली तर ती सरांना काय सांगणार, ती माझ्या कानाशी यायची. मी सरांना फक्त म्हणायची, "आज हिले जास्त पळवू नका." सरांनी कारण कधी विचारलं नाही. रात्री मी दाराला पाठ लावून झोपायची. पोरी म्हणायच्या, "काकू असल्या की कडी लावायचं काम नाही."

आणि परत आल्यावर पोरी घरी पोचवायच्या. ही पद्धत कोणी लिहून ठेवली नव्हती, पण ती पक्की होती. स्टँडवर सोडून चालत नव्हतं, फाट्यावर तर नाहीच. मी प्रत्येकीच्या दारापर्यंत जायची. आई बाहेर यायची. मी पोरीचा हात धरून आईच्या हातात द्यायची, दारातच पाणी प्यायची आणि पुढच्या घराकडे निघायची. पोरगी आईकडे गेली की आई एकदा तिच्या तोंडाकडे पाहायची, एकदा माझ्याकडे. मग तिचे खांदे खाली यायचे. माझेही. जोपर्यंत शेवटच्या पोरीचा हात सुटत नाही, तोपर्यंत मी वाटेत पुन्हा पुन्हा पोरी मोजायची. जिंकल्या की हरल्या, हे मला बऱ्याचदा घरी आल्यावर कळायचं.

असं वर्षांमागून वर्षं चाललं. टीम बदलल्या, पोरी बदलल्या. काहींची लग्नं झाली, काही पोलिसात लागल्या. मी तीच.

मग एक वर्षी टीममध्ये एकाच खेड्यातल्या तिघी आल्या. तिघी धावायलाही सोबत, हसायलाही सोबत. त्यांतली सगळ्यात पुढे धावणारी उंच होती, जरा फटकळ. तिचे वडील जिनिंगमध्ये कामाला होते. कापसाच्या मशीनजवळ काम करून करून त्यांचा आवाज एवढा मोठा झाला होता की साधं "बसा" म्हणाले तरी भांडण सुरू झाल्यासारखं वाटे. ते मूळचे मारेगावकडचे. माझं माहेर त्याच बाजूला, हे कळल्यावर मला ताई म्हणू लागले. पहिल्यांदा पोरगी सोडली तेव्हा दारात उभे राहून म्हणाले, "ताई, सर कितीही चांगले असो, मी तुमच्या भरवशावर सोडून राह्यलो. बाकीच्या दोघींच्या बापाइले पण मीच शब्द देल्ला हाय. काही झालं तं ते माह्याकडे येतीन, मी तुमच्याकडे येईन."

मी मान हलवली.

त्यांच्या घरात पोरीच्या धावण्यावरून कुरबुर चालू होती. भाऊबंद म्हणत, आता पुरे, लग्नाचं पाहा. त्या वर्षी विद्यापीठाची क्रॉसकंट्री पहिल्यांदाच आमच्या कॉलेजकडे आली. बाहेरच्या टीम आमच्या गावात येणार होत्या. आदल्या आठवड्यात वडील मैदानावर आले आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं सरांना म्हणाले, "सर, यावेळी मी सोता पाहायले येतो. मले पाहू द्या ह्या पोरी कायच्यासाठी एवढ्या मरमर करतेत. पाहून ठरवतो. पटलं तं धावतीन, नाही पटलं तं तिघीइचं बंद."

सर घरी येऊन म्हणाले, "या तिघी गेल्या तर टीम राहत नाही." एवढंच. जेवण अर्धं सोडलं. मला कळत होतं, टीम एका वर्षाची गोष्ट नव्हती. त्या खेड्यात आणखी घरं वाट पाहत होती, यांचं काय होते ते पाहून आपल्या पोरींचं ठरवू म्हणून. एक दार बंद झालं की आळीच्या आळी बंद होते, हे आम्ही आधी पाहिलं होतं.

शर्यतीच्या दिवशी पहाटे अवेळी पाऊस आला. मोठा नाही, पण जमिनीवर फक्कीने काढलेले सगळे बाण वाहून गेले. शिवाय नाल्याला पाणी आलं, म्हणून सरांनी वाट बदलली. नाल्यातून न नेता वरच्या पांदणीने टेकडीच्या अंगाने न्यायचं ठरवलं. आमच्या पोरी त्या वाटेने कधी धावल्या नव्हत्या. फक्की ओल्या मातीवर टिकेना. सर धावत घरी आले, चिखलाचे पाय तसेच आत घेऊन.

"पांढरं कापड आहे का काही? काळ्या मातीत लांबून दिसलं पाहिजे."

मी जुन्या चादरी काढल्या. दोघांनी मिळून पट्ट्या फाडल्या. सरांनी आणि कॉलेजच्या मुलांनी त्या पांदणीच्या बाभळींना बांधल्या. जिथे वाट फुटत होती तिथे एक जण उभा राहणार होता, हात करून दाखवायला. सर पोरींना ओरडून सांगत होते, "पांढरं कापड पाहत जायचं! कापड सोडायचं नाही!" पोरींनी माना हलवल्या.

आता सांगताना हसू येतं. ज्या टेकडीच्या अंगाने वाट नेली, तिच्या माथ्यावर बंजाऱ्यांच्या तांड्याचं देवस्थान आहे. नवस फेडायला आलेले लोक तिथे पांढरे झेंडे बांधतात. वर जायच्या वाटेवर झाडाझाडाला बांधलेले असतात, काही नवे, काही पार विरलेले. ते झेंडे आम्ही सगळ्यांनी शंभरदा पाहिले होते. एसटीतून दिसतात. इतके रोजचे की त्या पहाटे कोणाच्याच डोक्यात आले नाहीत. सरांच्याही नाही, माझ्याही नाही.

शर्यत सुटली. आमच्या तिघी सगळ्यांच्या पुढे गेल्या. पांदणीच्या वळणावर त्या दिसेनाशा झाल्या तेव्हा मागच्या पोरी बऱ्याच लांब होत्या. वडील माझ्याशेजारी उभे होते. "ताई, पोरगी पुढे हाय का?" त्यांनी विचारलं आणि लोकांनी वळून पाहिलं. मी मान हलवली. ते स्वतःशीच म्हणाले, "चांगली धावते बावा. घरी तं पाणी आणाले सांगितलं की पाय दुखतेत."

बराच वेळ गेला. मग पांदणीतून पहिली पोरगी बाहेर आली. ती दुसऱ्या कॉलेजची. तिच्यामागे दुसरी, तीही परकी. तिसरी, चौथी. आमच्या टीमच्या मागे पडलेल्या पोरीही आल्या. तिघी नाहीत.

सरांनी आल्या पोरींना विचारलं, "पुढच्या तिघी कुठे गेल्या?" त्या म्हणाल्या, "सर, आम्हाला वाटलं त्या केव्हाच पोचल्या." वाट फुटते तिथे उभा राहायचा मुलगा सायकल चिखलात रुतल्यामुळे उशिरा पोचला होता. त्याच्या आधीच तिघी तिथून निघून गेल्या होत्या. जरा हळू धावल्या असत्या तर बरोबर आल्या असत्या.

वडील माझ्याकडे वळले. पहिल्यांदाच त्यांचा आवाज लहान झाला.

"ताई, माही पोरगी कुठी हाय?"

मी म्हटलं, "येते."

"कुठून येते? सगळ्या आल्या. मी त्या दोघीइच्या बापाइले काय सांगू?"

सर फोन लावत होते, टेकडीकडे कोणाचा फोन लागत नव्हता. त्यांनी मुलांना नाल्याच्या बाजूला पाठवलं, कारण पहिली भीती पाण्याचीच. मी चप्पल घट्ट केली आणि पांदणीकडे चालू लागले. मी कोणाला न विचारता कुठे निघाले, असं फार वेळा झालं नाही. वडील मागे आले.

वाटभर ते बोलत होते. "अन् मी म्हटलं, बाई सोबत हाय. बाई काय करून राह्यली, तं चपला सांभाळून राह्यली. सर काय करून राह्यले, तं घड्याळ पाहून राह्यले. पोरीइकडे कोणाचं लक्ष हाय? माहा भाऊ म्हणे, नको सोडू. मीच शहाणा."

मी भराभर चालत राहिले. खरं तर त्यांच्या बोलण्याने मला धीरच येत होता. गप्प माणसाची भीती वाटते.

वाट फुटते तिथे आम्ही थांबलो. डाव्या हाताला आमच्या चादरीच्या पट्ट्या बाभळीला लटकत होत्या. उजव्या हाताला चढाच्या वाटेवर, झाडाझाडाला, पांढरं कापड. डावीकडे दोन पट्ट्या, उजवीकडे वीस.

वडील दोन्हीकडे पाहत राहिले. मग त्यांनी कपाळावर हात मारला.

"अवं ताई! हे तं देवाचे झेंडे होय!"

चढ ओला होता. मी घसरत होते, ते पुढे जाऊन हात देत होते आणि बोलत होते, पण आता शिव्या देवाला होत्या, सरांना होत्या, पावसाला होत्या. माथ्यावर पोचलो तर देवळाच्या ओट्यावर तिघी रांगेने बसलेल्या. समोर शेळ्या, आणि शेळ्यांच्या मध्ये काठी घेऊन उभी एक म्हातारी, तांड्यातली. तिने पोरींना पाणी दिलं होतं, पदरात बांधलेली भाकर दिली होती.

वडील धावतच पुढे गेले. म्हातारीने काठी आडवी धरली.

"तू कोन?"

"मी बाप हाय तिचा!"

"असशील बाप. आधी लांब उभा राह्य."

उंच पोरगी ओट्यावरून उठली आणि म्हणाली, "बाबा, मी पहिली आली!"

"कुठी पहिली आली? देवापाशी?"

"कापडं संपले नं इथी. आम्हाले वाटलं इथीच शेवट हाय. सरची वाट पाहून राह्यलो होतो. मंग वाटलं चुकलं, परत निघालो, तं ही आजी सोडेच ना."

म्हातारी म्हणाली, "कशी सोडन? तिन्ही छोरी वल्ल्या कपड्याच्या, अनवाणी, जंगलातून पळत आल्या. कोणाच्या हायेत, कोण मागे लागलं, मले काय माहीत? म्हटलं कोणी बाई आल्याबिगर सोडत नाही. माणसाच्या हातात तं देतच नाही." मग तिने माझ्याकडे पाहिलं. पोरींना विचारलं, "ही कोन? याडी, आई होय का तुमची?"

तिघी एकदम म्हणाल्या, "काकू होय आमच्या."

म्हातारीने काठी बगलेत धरली, एकेका पोरीचा हात धरला आणि माझ्या हातात दिला. तिघींचे हात. मी एवढ्या पोरी त्यांच्या आयांच्या हातात दिल्या, पण मला अशी कोणी दिली नव्हती. माझे डोळे भरून आले. मी म्हातारीचे पाय धरायला वाकले तर ती म्हणाली, "माह्या नको, शेळी पडन अंगावर," आणि खरंच एक बोकड माझ्या पदराला तोंड लावत होता. पोरी हसल्या. मग वडीलही हसले, त्यांच्या मोठ्या आवाजात, आणि शेळ्या बिचकल्या.

म्हातारीने त्यांनाही सोडलं नाही. "बाप हायस तं असं पोरगी एकटी जंगलात कायले सोडतं?"

"मी कुठी सोडली, आजी? तिच्या सरनं सोडली."

"मंग त्या सरले पाठव माह्याकडे."

उतरताना वडील मागे राहिले. पोरी पुढे, मी मध्ये. काही वेळाने ते माझ्या बरोबरीने आले. मघाच्या बोलण्याबद्दल काही म्हणतील असं वाटलं, पण ते म्हणाले, "ताई, त्या म्हातारीनं मले नाही देल्ली माही पोरगी. पाह्यलं नं तुम्ही?" मी हो म्हटलं. "लय खंबीर बाई हाय," ते म्हणाले. आणखी थोडं चालून म्हणाले, "मी रात्री झोपेत घाबरतो, ताई, ही मुक्कामाले गेली की. वाटते बाहेर सगळे लांडगेच हायेत. तं इथी जंगलात भाकर भेटली तिले."

खाली मैदानात बक्षिसं वाटून झाली होती. आमची टीम कुठेच नव्हती. चार जणी पोचल्याशिवाय टीम धरत नाहीत. सर मैदानाच्या कडेला एकटे उभे होते. आम्हाला पाहिलं आणि पटकन खाली बसले. मग उठून सरळ वडिलांसमोर गेले.

"भाऊ, चूक माझी आहे. पोरींची नाही आणि हिचीही नाही. तुम्ही म्हणाल ते."

"चूक तं तुमचीच हाय, सर!" वडील एवढ्या मोठ्याने म्हणाले की लांब मांडव सोडणारे लोक थांबले. "कोणी देवाच्या वाटेवर पांढरं कापड बांधते काय? पुढच्या खेपेले निळं बांधा, हिरवं बांधा, नाही तं मले बलवा, मी उभा राहतो तिथी!"

सरांनी माझ्याकडे पाहिलं. मी सरांकडे पाहिलं. पुढच्या खेपेला, असं ते म्हणाले होते. आम्ही दोघांनीही तो शब्द पुन्हा उच्चारला नाही, न जाणो ते ऐकून मागे घेतील. उंच पोरगी मात्र बोललीच, "बाबा, म्हणजे मी पुढच्या वर्षी..." आणि तिच्या मैत्रिणीने तिच्या दंडाला चिमटा काढला.

दुपारची एसटी पकडून मी नेहमीप्रमाणे तिघींना पोचवायला निघाले. वडील मोटरसायकलने आधीच फाट्यावर येऊन थांबले होते. बस थांबली, पोरी उतरल्या, त्यांच्यामागे मीही उतरले.

"ताई, तुम्ही काहून उतरल्या?" ते म्हणाले.

"पोचवते नं दारापर्यंत."

"बसा एसटीत, पुढच्या गावाहून हीच परत फिरते. थकल्या तुम्ही, किती चढल्या आज. इथून त्या जातीन. रोज जातेतच."

मी उभीच राहिले. दारापर्यंत गेल्याशिवाय परत जायची सवयच नव्हती. हात तसाच पुढे होता, कोणाचा तरी हात धरायला. उंच पोरगी म्हणाली, "जा नं काकू. आता जंगल पण पाह्यलं आमी." कंडक्टर दारातून ओरडला, "बाई, बसता का राहता? एक काय ते ठरवा!"

मी बसले.

एसटी हलायच्या आत मी खिडकीतून पाहिलं. वडिलांनी मोटरसायकल चालू केली आणि पोरींना मागे न बसवता गावाच्या रस्त्याने निघाले. पोरी ओरडल्या, "बाबा! थांबा नं! पाय दुखून राह्यले!" ते थांबले नाहीत. मागे वळून म्हणाले, "धावा! धावाचा लय शौक हाय नं!" तिघींनी चपला हातात घेतल्या आणि मोटरसायकलच्या मागे धावत सुटल्या. रस्ता वळला तिथे त्या दिसेनाशा झाल्या. मी वळणाकडे थोडा वेळ पाहिलं आणि मग पाहणं सोडून दिलं. सीटवर मागे टेकले.